हिमाची साक्ष

यशवंतपूर म्हटले की मराठी प्रवाशाला बंगळूरच्या वायव्येचे गजबजलेले रेल्वेस्थानक आठवते. तेथे पौषातही पारा सहसा दहा अंशांखाली उतरत नाही. बर्फ दिसतो तो सरबताच्या पेल्यात. तरीही हिमालयातील गोठलेल्या प्रदेशांच्या छायाचित्रणाचा एक महत्त्वाचा धागा याच परिसरातून जातो. स्थानकाच्या शेजारी भारतीय विज्ञान संस्था आहे. तुमकूर रस्त्याने थोडे पुढे गेले की पीण्याची औद्योगिक वसाहत लागते. १९७५ साली अवकाशात गेलेला ‘आर्यभट्ट’ हा भारताचा पहिला उपग्रह तेथील साध्या शेडमध्ये घडला. या उबदार भूमीचे हिमाशी नाते कसे जुळले, हे समजण्यासाठी प्रथम कॅमेरा घेऊन प्रत्यक्ष बर्फात उभ्या राहिलेल्या माणसांकडे वळले पाहिजे.

सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली भारतात आला आणि पुढील तीन वर्षांत त्याने हिमालयाच्या तीन मोठ्या सफरी केल्या. त्या काळी काचेवर कोलोडियन ओतून, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुऊन काढावे लागे. बधिर बोटांनी हे सारे करीत १८६६ साली बोर्नने सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. त्याच वर्षी त्याने गंगोत्रीच्या हिमनदीचे मुखही टिपले.

पुढे काचेची जागा फिल्मने घेतली, फिल्मची जागा विद्युत्-कॅमेऱ्याने घेतली. थंडीचा जाच मात्र संपला नाही. स्कॉटच्या १९१०च्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेत गेलेल्या हर्बर्ट पाँटिंगची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागताच तेथे चिकटून गोठली होती. कडक थंडीत फिल्म ठिसूळ होते आणि ती भराभर गुंडाळली तर स्थिर विजेच्या ठिणग्यांच्या रेषा तिच्यावर उमटतात. आजच्या कॅमेऱ्याची बॅटरी लवकर मान टाकते. म्हणून जादा बॅटऱ्या अंगाशी, कपड्यांच्या आत बाळगाव्या लागतात. श्वास भिंगावर पडला की तेथे हिमकण जमतात. गार कॅमेरा एकदम उबदार तंबूत आणला तर त्याला आतबाहेर पाणी सुटते. तो आधी घट्ट बंद पिशवीत घालून मगच आत आणावा लागतो.

शिवाय बर्फ यंत्रालाही फसवितो. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे प्रकाशमापक गृहीत धरतो आणि शुभ्र हिम मळकट उमटते. म्हणून जाणता छायाचित्रकार मापकाने सांगितल्यापेक्षा प्रकाश एक-दोन पायऱ्या अधिक देतो. हिवाळ्यातील ताजा बर्फ मनुष्यालाही असाच फसवितो. खडक, माती आणि जुनी हिमनदी या सर्वांवर तो एकच पांढरी चादर पसरतो. चित्र सुंदर येते. परंतु हिमनदी कोठे संपते, हे त्यात दिसत नाही.

येथेच बंगळूरच्या उपग्रहांचे कार्य सुरू होते. १७ मार्च १९८८ रोजी बायकोनूरहून सुटलेला ‘आयआरएस–१ए’ आणि त्याच्या मागून गेलेले दूरसंवेदन-उपग्रह हिमालयाची चित्रे घेत राहिले. हिमनद्यांसाठी अभ्यासक त्यांतील उन्हाळ्याच्या अखेरची, मोसमी बर्फ वितळून गेल्यानंतरची चित्रे निवडतात. पुढे विज्ञान संस्थेच्या दिवेचा हवामानबदल केंद्रात काम केलेले अनिल कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी चिनाब, पार्वती व बास्पा या खोऱ्यांतील ४६६ हिमनद्यांची अशी चित्रे १९६२च्या सर्वेक्षण-नकाशांशी ताडून पाहिली. त्यांचा निष्कर्ष २००७ साली बंगळूरहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. हिमाचे क्षेत्र २,०७७ चौरस किलोमीटरांवरून १,६२८वर आले होते, म्हणजे एकपंचमांशाहून अधिक घटले होते. हिमनद्यांची संख्या मात्र वाढली होती. कारण मोठ्या हिमनद्यांचे तुकडे पडून त्यांच्या अनेक लहान हिमनद्या झाल्या होत्या.

मग कुडकुडत बर्फात उभ्या राहणाऱ्या माणसाची गरज संपली काय? तसे नाही. अनेक हिमनद्यांवर दगडमातीचा जाड थर असतो. वरून पाहताना तो भोवतालच्या डोंगरासारखाच दिसतो. त्याखाली बर्फ आहे की नाही, हे पायी जाऊन पाहावे लागते. शिवाय उपग्रहांची चित्रे गेल्या काही दशकांचीच आहेत. त्यापूर्वीची साक्ष जुन्या नकाशांबरोबर बोर्नसारख्यांच्या काचांवर आहे. भूगर्भ-सर्वेक्षण खात्याच्या ऑडेन यांनी १९३५ साली गोमुखाचा नकाशा केला. तेव्हापासून गंगोत्रीच्या हिमनदीचे मुख एक किलोमीटरहून अधिक मागे सरले आहे. त्याही आधीचे गोमुख कसे दिसत होते, हे बोर्नच्या चित्रात पाहता येते.

म्हणून हिमाचे छायाचित्र घेणाऱ्याने स्थळ, दिशा आणि दिनांक यांची नोंद ठेवावी. त्याच जागी उभे राहून पुढे कोणी दुसरे चित्र घेतले, म्हणजे पहिल्याचे मोल कळते. चिनाब, बियास आणि सतलज यांना उन्हाळ्यात मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा या हिमातून येतो आणि त्यावर खालच्या खोऱ्यांतील शेती पोसली जाते. हे हिम किती उरले आहे, हे त्या शेतकऱ्याला सांगता यावे यासाठी थंडीत गारठलेल्या बोटांनी घेतलेले चित्र आणि यशवंतपुराजवळच्या उबदार खोलीत न्याहाळलेले चित्र, ही दोन्ही लागतात.