सूची नेटकी, तर शोध झटपट



यशवंतगड लाभलेल्या नाटे गावी स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करतो. डेटाबेसवरची परिषद पुण्या-मुंबईत न भरवता राजापूर तालुक्यातल्या किनाऱ्यावर का भरवली, असे अनेकांनी विचारले. इथल्या कितीतरी घरांतली माणसे मुंबईत आहेत आणि जमीन इथे आहे. सातबारा, आठ अ, इंडेक्स टू हे त्यांच्या रोजच्या चिंतेचे शब्द आहेत.

नोंदणी झालेल्या दस्तांची एक सूची माणसांच्या नावांवरून आणि दुसरी, म्हणजेच इंडेक्स टू, मिळकतीवरून ठेवावी, हे 1908 च्या नोंदणी कायद्यानेच ठरवले. सातबारा गट क्रमांकावरून सापडतो, आठ अ खातेदारावरून. एकाच माहितीकडे नेणाऱ्या अशा दोन वाटा आपल्या दप्तराने संगणकाच्या कितीतरी आधी आखल्या. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही आला. आता हवा आहे तो वेग.

हा वेग अनेकदा डिस्कवर अडतो. फिरत्या हार्ड डिस्कवर कुठलेतरी एक पान शोधून वाचायला साधारण 10 मिलिसेकंद जातात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंगच्या प्रयोगशाळेत बी-ट्री ही इंडेक्सची रचना आखली, ती अशी वाचने कमी करण्यासाठी. एका पानात 300 नोंदी मावल्या, तर तीन पाने वाचून 2 कोटी 70 लाख नोंदींतली हवी ती सापडते. नोंदी लांबल्या किंवा पाने अर्धी रिकामी राहिली, की इंडेक्स फुगतो, मेमरीत मावेनासा होतो आणि डिस्कच्या खेपा वाढतात.

मराठीला ही अडचण जास्त जाणवते. यूटीएफ-8 मध्ये रोमन अक्षराला 1 बाइट पुरतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेला 3 लागतात. म्हणून गाव आणि खाते यांच्या क्रमांकांवर इंडेक्स बांधावा. नावांचा सारखा असलेला सुरुवातीचा भाग एकदाच साठवावा. न लागणारे इंडेक्स काढून टाकावेत, कारण प्रत्येक नव्या नोंदीला तेही लिहावे लागतात. मोठा सर्व्हर घेण्याआधी एवढे करून पाहावे.

माझी आपल्याला एकच विनंती आहे. इथले प्रयोग मराठी नावांवर, मराठी नोंदींवर करा आणि आलेली मोजमापे सर्वांना खुली ठेवा. गणपतीसाठी चार दिवस गावी येणाऱ्या माणसाचा कागद पहिल्याच दिवशी हाती पडावा, यासाठी आपले ज्ञान कामी येऊ दे.

आमच्या पाहुणचारात काही उणे राहिले तर हक्काने सांगा.