धक्का स्टार्ट

अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापक, शिक्षकवृंद, पालक मंडळी आणि मांडवाबाहेर भेळेच्या गाडीपाशी थांबलेले माझे मित्रहो,

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईनं माझं नाव, गाव, हुद्दा सगळं सांगून टाकलं. तिचे मनापासून आभार. स्वतःचं नाव सांगायचं काम दुसऱ्या कुणी केलं की मला आजही सुटल्यासारखं वाटतं. माझं नाव 'प'वरून सुरू होतं आणि मी अडखळत बोलतो. आताही मध्येच गाडी बंद पडेल. पडली तर कुणी शब्द पुरवू नका. शब्द मला माहीत असतो, त्याला बाहेर यायला वेळ लागतो एवढंच.

तुमच्या वयाचा असताना हजेरी सुरू झाली की माझ्या पोटात गोळा यायचा. 'हजर' हा एकच शब्द मी मनात घोटत राहायचो आणि नेमका नंबर आला की घसा मिटायचा. एक सर मान वर न करता पुढचं नाव घ्यायचे. पहिल्या बाकावर बसून गैरहजर राहणारा शाळेतला मी एकटाच असेन. पोरांनी नाव पाडलं, 'धक्का स्टार्ट'. नाव चपखल होतं, पण हे हसत कबूल करायला मला वीसेक वर्षं लागली.

घरी आजी वेखंड उगाळून मधातून जिभेवर लावायची. जीभ चुरचुरायची, बोलणं होतं तिथंच. बिचारीला काय ठाऊक, जिभेचा त्यात काही दोषच नव्हता! वडील माझ्यावर जीव टाकायचे, म्हणून माझं प्रत्येक वाक्य तेच पुरं करायचे. पोरांच्या हसण्यापेक्षा मला ते जास्त लागायचं.

आणि मी काय करायचो? लपवायचो. माझी निम्मी अक्कल त्यात खर्च व्हायची. दुकानात पेन मागायचं तर 'ते लिहायचं द्या' म्हणायचो. पाहुण्यांकडे 'पाणी द्या' म्हणवत नाही म्हणून तहान मारायचो. वर्गात उत्तर येत असलं तरी 'येत नाही' म्हणायचो, कारण 'येत नाही' हे दोन शब्द मला येत होते.

नववीतली गोष्ट, 1984 सालची. मामाकडे पु... थांबा, येईल... पुसेगावला निघालो होतो. कोरेगावला वडूजच्या गाडीत बसलो. कंडक्टर आले, "कुठं?" मी 'प'शी झटापट केली, मागची माणसं बघायला लागली, आणि तोंडातून सुटलं, "वडूज." 'व' माझ्या बाजूचा होता. पैसे जास्त गेले, पण अब्रू वाचली. पुसेगाव आलं, मी उठलो, तर कंडक्टर म्हणाले, "पोरा, तुझं वडूजचं तिकीट हाय, हितं कुठं उतरतोस?" साधा प्रश्न, काळजीनं विचारलेला. मला उत्तर देता येईना. मी परत खाली बसलो. मामाचं घर खिडकीतून मागे जाताना बघितलं आणि वडूजला जाऊन उतरलो.

तिथल्या स्टँडवर बाकड्यावर बसून राहिलो. परतीपुरते पैसे खिशात होते, पण तिकीट मागायला तोंड कुठलं आणायचं? वर कर्णा लावलेला होता आणि कंट्रोलर साहेब त्या ठरलेल्या चालीत पुकारत होते, 'फलाट क्रमांक दोनवर लागलेली गाडी पुसेगाव, कोरेगावमार्गे साताऱ्याला जाईल.' मी हळूच त्यांच्या आवाजात आवाज मिसळला. आणि 'पुसेगाव' सबंध बाहेर पडलं! पुढच्या पुकाऱ्याला पुन्हा. मी तीन गाड्या सोडल्या, नुसतं ते पुकारत बसायला. चौथ्या गाडीत कंडक्टरसमोर त्याच चालीत अख्खं वाक्य म्हटलं, फलाट क्रमांकासकट. ते इतके हसले की तिकीट फाडायचं विसरले.

पुढे वाचनात आलं की हे असंच असतं. अडखळणारा माणूस गाताना सहसा अडखळत नाही, दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून वाचतानाही नाही. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकाला ही अडचण असते, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. ती भित्रेपणानं येत नाही आणि दुसऱ्याची नक्कल केल्यानंही जडत नाही. 22 ऑक्टोबरला जगभर आमच्यासाठी एक दिवसही पाळतात म्हणे. मला हे सगळं चाळिशीत कळलं. चौदाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं, तर निदान वेखंड तरी वाचलं असतं.

बोलण्याला चाल लावायची युक्ती मात्र चारच दिवस टिकली. पाचव्या दिवशी हजेरीला पुन्हा घसा मिटला. तेव्हा त्या बाकड्यावर माझं आयुष्य बदललं वगैरे मी म्हणणार नाही. बदल फार सावकाश झाला, आणि बराचसा नाइलाजानं झाला.

1991 साली मी बिल्ला लावून एसटीत कंडक्टर झालो. घरचे म्हणाले, ज्याला बोलता येत नाही त्यानं दिवसभर बोलायची नोकरी धरली. नोकरी हवी होती, दुसरं कारण नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तुडुंब गाडीत एका आजींना पुढचा थांबा सांगताना मी अडकलो. पळायला जागा नाही, शब्द बदलायचा तर गावाचं नाव बदलता येत नाही. मी म्हणालो, "आजी, मी अडखळतो. जरा दम धरा." आजी म्हणाल्या, "धरते की. मला कुठं घाई हाय?" 'मी अडखळतो' हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो होतो. त्या दिवशी मी नंतरही अडखळलो, पण घरी गेल्यावर रोजच्यासारखा थकलेला नव्हतो.

आजही तितकाच अडखळतो. तेव्हा मात्र तोंड उघडायच्या आधीच शब्द निवडून बाजूला काढायचो, ते आता करत नाही. तहान लागली की पाणी मागतो, चार 'पा' लागले तरी.

एकदा सकाळच्या गाडीत एक मुलगी चढली, तुमच्याएवढीच. "कुठं जायचं?" तिनं नोट पुढे केली आणि ओठ मिटले. मला सगळं ओळखीचं होतं. मागून कुणी म्हणालं, "अगं बोल की लवकर." मी मशीनवरची बोटं काढून घेतली आणि उभा राहिलो. बराच वेळ गेला. तिनं गावाचं नाव सांगितलं, मी तिकीट दिलं. मी तिला काही समजावलं नाही. सुटे पैसे मात्र द्यायचे राहिले, ते उतरताना दिले.

निवृत्तीआधीची काही वर्षं मी वाहतूक नियंत्रक होतो. कर्ण्यावरून गाड्या पुकारायचो, त्याच चालीत. कधी कधी 'पुसेगाव'ला अडकायचो, तेव्हा स्टँडवरचा चहावाला खालून ओरडायचा, "साहेब, धक्का देऊ का?"

आता बक्षीसवाटप आहे. नावं मीच पुकारायची असं मुख्याध्यापकांनी ठरवलंय. यादी मघाशीच बघून घेतली. 'प'वरून सात नावं आहेत, त्यातली दोन 'प्र'ची. वेळ लागेल. ज्यांना घाई आहे त्यांनी भेळ खाऊन या.