ओसाकातला माझा शेजार

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



जपान म्हटले की चेरीची फुले, वेळेवर धावणाऱ्या गाड्या आणि लख्ख रस्ते डोळ्यांपुढे येतात. तेही खरेच आहे. पण २०१६ ते २०१८ अशी दोन वर्षे यजमानांच्या नोकरीनिमित्त आमचे बिऱ्हाड ओसाका शहरात होते, ते कामागासाकी नावाच्या पडक्या वस्तीच्या कडेला. परदेशी माणसाला घर द्यायला तिकडचे पुष्कळ मालक नाखूश असतात. इथे भाडे कमी आणि चौकशाही कमी. "तिथे बाईमाणसाने राहायचे?" असे ओळखीच्या लोकांनी विचारलेच.

कामागासाकी हे नाव नकाशावर सापडत नाही. निशिनारी विभागातला, शिन-इमामिया स्टेशनच्या दक्षिणेचा तो पाऊण चौरस किलोमीटरही न भरणारा तुकडा. रोजंदारीच्या मजुरांची ही जुनी वस्ती. ऑगस्ट १९६१ मध्ये एका वृद्ध मजुराला टॅक्सीची धडक बसली. पोलिसांनी त्याला झाकून रस्त्यातच ठेवले, या संतापाने तिथे मोठी दंगल उसळली. त्यानंतरच्या वर्षांत सरकारने दोन गोष्टी केल्या. मुलाबाळांच्या कुटुंबांना दुसरीकडे सरकारी घरांत हलवले आणि १९६६ साली वस्तीला 'आइरिन' हे नवे नाव दिले. त्याचा अर्थ, शेजाऱ्यावर प्रेम!

मागे राहिले एकटे पुरुष. १९७० साली ओसाकात जागतिक प्रदर्शन भरले. त्याच्या बांधकामासाठी खेड्यांतून, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींतून आणखी हजारो एकटे पुरुष आले. भगिनींनो, बायकामुले नसलेली वस्ती कशी असेल, याची कल्पना करा. ना दोरीवर दुपटी, ना संध्याकाळी पोरांचा गलका.

त्यांच्या राहण्याच्या जागेला 'दोया' म्हणतात. 'यादो' म्हणजे उतारूंच्या मुक्कामाची जागा. तोच शब्द उलटा केलेला. खोली तीन चटयांची. अंथरूण पसरले की खोली संपली. पहाटे पाचला कामगार केंद्राची दारे उघडत, मुकादम गाड्या घेऊन येत आणि धडधाकट माणसे निवडून नेत. १९९० नंतर कामे आटली, मजूर म्हातारे झाले, पुष्कळजण उघड्यावर झोपू लागले. २००० सालापासून काही दोयांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. तिथे अनेक वृद्ध सरकारी मदतीवर दिवस काढतात.

आमच्या समोरच्या माडीवर असेच एक 'ओच्चान', म्हणजे काका, राहत. माझे जपानी बेताचे. आमचे बोलणे नमस्कारापुरते. १८ जून २०१८ रोजी सकाळी आठच्या सुमारास भूकंप झाला. यजमान कामावर निघून गेलेले, गाड्या बंद. मी ओटा घट्ट धरून उभी. इतक्यात दार वाजले. पाहते तो ओच्चान, धापा टाकीत. "दाइजोबु?" म्हणजे, ठीक आहेस ना? गॅस बंद कर, अशी त्यांनी खूण केली आणि ते पुढच्या दाराकडे वळले. ज्या वस्तीची मला भीती घातली होती, तिथेच माझी पहिली विचारपूस झाली.

ऑगस्टमध्ये ओबोन, म्हणजे पितरांचा सण, येतो. त्या दिवसांत तिथल्या त्रिकोणी बागेत जत्रा भरते आणि वस्तीत मेलेल्यांची आठवण केली जाते. आपला गिरणगावातला चाकरमानी गणपतीला कोकणात जाई. इथल्या कित्येकांना परत जायला घरच उरले नव्हते. तेव्हा सोबतीच एकमेकांचे आप्त झाले.

२०१९ साली ते कामगार केंद्र बंद झाले. २०२२ मध्ये स्टेशनच्या उत्तरेला मोठे हॉटेल उघडले. वस्ती सुधारावी, यात शंका नाही. पण सुधारणा म्हणजे माणसे हलवणे आणि नाव बदलणे एवढेच नव्हे. शेजाऱ्यावरचे प्रेम सरकारने पाटीवर लिहिले. ओच्चानांनी ते दार ठोठावून दाखवले.

आपल्या आळीतही एकेकटी म्हातारी माणसे आहेत. येत्या वर्षात आपल्यापैकी प्रत्येकीने असे एक दार आपले मानावे आणि रोज एकदा ते वाजवावे, एवढीच माझी विनंती आहे.