मुसळी आपली, बेणं आपलं, हिशोबही आपलाच

(संघटनेच्या तालुका बैठकीत आम्ही केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे.)

भावांनो, बायांनो, पहिल्या पावसात आपण कुलूची भाजी खातो. देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. त्याच भाजीच्या मुळाशी पांढरी बोटं असतात, ती मुसळी. तिच्या जाती बऱ्याच. बाजारात जिला जास्त भाव, तिला शास्त्रज्ञांनी १९५५ साली नाव दिलं, त्या नावात बोरिवली आहे. म्हणजे पुस्तकातसुद्धा ती आपल्याच बाजूच्या रानाची.

पण रानात आता ती राहिलीय किती? आमच्या आया पाटीभर आणायच्या, आता ओंजळभर मिळाली तरी खूप. व्यापारी भाव बोलतो आणि आपण भादव्यातच कोवळी खणतो. मी नाही खणली तर दुसरा खणेल, असं म्हणतो. हे आपल्यातलंच आहे, सगळा दोष व्यापाऱ्यावर टाकून भागणार नाही.

मग शेतात लावू, असं आपण म्हणतो. बरोबर आहे. पण कशी लावायची? मागे आमच्या पाड्यात एक एजंट आला. बेणं आमचं घ्या, खत आमचं घ्या, माल आम्हीच उचलू, म्हणाला. तीन घरांनी उसने पैसे काढले. नागली सोडून सगळ्या तुकड्यात मुसळी लावली. सपाट वाफ्यात पाणी साचलं, कांद्या कुजल्या. उरलेली खणली तोवर एजंटाचा फोन बंद. त्या वर्षी त्या घरांत ना नागली, ना पैसा. माणसं वीटभट्टीवर गेली.

त्यानंतर आम्ही पाच घरांनी ठरवलं, आधी थोड्यात करून बघायचं. संशोधन म्हणजे तरी काय? शेजारी शेजारी लावायचं, मोजायचं, लिहायचं. आमची वही शाळेतलीच होती.

ग्रामसभेला विचारून पौषात रानातून थोडं बेणं आणलं, कोरड्या वाळूत ठेवलं. बोटाला वरचा डोळा असला तरच ते उगवतं, हे ध्यानात ठेवा. उताराला आडवे, वीतभर उंच गादीवाफे केले. खत फक्त कुजलेलं शेण आणि करंजाची पेंड. कच्चं शेण टाकलं तर हुमणी येते. काही वाफ्यांत नुसती मुसळी, काहींत कडेला तूर. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, आणि तुरीची सावलीही मिळते.

आश्विनात पानं वाळली. शेजारी म्हणाले, काढा आता. आम्ही थांबलो. वरची साल तपकिरी झाल्यावरच, तुरीच्या काढणीबरोबर खणली. नुसत्या मुसळीच्या वाफ्यात मुसळी थोडी जास्त निघाली, ते लपवत नाही. पण तुरीच्या वाफ्यात मुसळीही आली आणि घरात डाळही आली. मुसळी बुडाली असती तरी चूल पेटली असती. आणि पैसा वाटतो तेवढा नाही बरं का. सोलून वाळवल्यावर ओल्या पाच किलोची जेमतेम एक किलो राहिली. सोलायला बायांचे किती दिवस गेले, तेही वहीत लिहा. ती मजुरी धरल्याशिवाय भाव बोलू नका.

आता जमिनीचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात औषधी वनस्पती, कंदमुळं ही गौण वनोपज आहेत आणि त्यांच्यावर मालकी आपली आहे. प्लॉटचा हक्क मुलाबाळांना जातो, पण तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणून एजंटाच्या कागदावर प्लॉट लिहून देऊ नका. कागद आधी ग्रामसभेत वाचायचा, मगच अंगठा.

आमच्या ग्रामसभेनं चार गोष्टी ठरवल्यात. पानं वाळून साल तपकिरी झाल्याशिवाय रानातली मुसळी कुणी खणायची नाही. खणली तर डोळा परत मातीत पुरायचा. नागली-वरईची जागा मुसळीला द्यायची नाही. बेणं विकत आणायचं नाही, एकमेकांना द्यायचं.

यंदा आमच्याकडे थोडं बेणं शिल्लक आहे. ज्या गावाची ग्रामसभा ठराव करेल, त्या गावाला देऊ. पैसे नकोत. पुढच्या वर्षी तेवढंच बेणं तिसऱ्या गावाला द्या, आणि सोबत तुमची वही आणा.

जोहार! जिंदाबाद!