जुना स्टॉपर कधी सोडायचा?

(१९८५ च्या दहावीच्या बॅचच्या चाळीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात, दिवाळीच्या सुट्टीत शहादा येथे केलेले भाषण)



मला दिलेला विषय आहे ‘खेळाने मला काय दिले’. क्रीडाशिक्षक म्हणून या विषयावर मी इतक्या गॅदरिंगमध्ये बोललो आहे की आता ते भाषण मी झोपेतही करू शकतो. म्हणून आज ते सोडतो आणि सकाळी मैदानावर निघालेला एक प्रश्न घेतो.

सकाळी माजी विद्यार्थी विरुद्ध आजचे विद्यार्थी असा सामना झाला. आपण चार-एकने हरलो. त्या चारांतले तीन गोल माझ्या बाजूने झाले. चहा घेताना एक पोरगा फार अदबीने म्हणाला, “सर, पुढच्या वर्षी तुम्ही खुर्चीवर बसून मार्गदर्शन करा.” सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न खरा आहे. बचावपटूचं वय झालं की टीमने त्याला सोडावं का?

आपला भाग कबड्डी आणि खो-खोचा. फुटबॉल आपल्याकडे मूठभर पोरांनीच खेळला, तोही शाळेच्या मैदानावर आणि उन्हाळ्यात गोमाईच्या कोरड्या पात्रात. म्हणून थोडं समजावून सांगतो. पुढे खेळणाऱ्याचं वय पायांत दिसतं. पळणं कमी झालं की तो लगेच उघडा पडतो. मागे खेळणाऱ्याचं वय उशिरा दिसतं, कारण त्याचं अर्धं काम डोळ्यांनी आणि तोंडाने होतं. चेंडू कुठे येणार ते आधी ओळखायचं, दोन पावलं आधी सरकायचं आणि शेजारच्याला ओरडून जागेवर आणायचं. कबड्डीतला मुरलेला कव्हर कसा चढाईवाल्याच्या पायाकडे बघून सगळी साखळी हलवतो, तसंच हे. पण त्याचंही वय एका ठिकाणी पकडलं जातं. टीम मागे, स्वतःच्या गोलजवळ उभी राहून खेळत असेल तर जुना स्टॉपर सोन्यासारखा. टीमला पुढे सरकून, मैदानाच्या मध्यरेषेजवळ उभं राहून खेळायचं असेल तर पाठीमागे मोठं रान मोकळं राहतं, आणि त्या रानात वीस वर्षांच्या पोराबरोबर पळावं लागतं. तिथे अनुभव कमी पडतो. म्हणजे वय किती, याच्याइतकाच टीम कशी खेळणार हाही प्रश्न असतो.

आता आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. मुंबई सिटी या क्लबकडे मुर्तदा फॉल नावाचा सेनेगलचा उंचापुरा स्टॉपर होता. आधी तो एफसी गोवाकडून खेळला, २०२० मध्ये मुंबईत आला. २०२०-२१ च्या मोसमात मुंबईने आयएसएलची लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड. कॉर्नर मिळाला की हा मागून पुढे यायचा आणि डोक्याने गोल करायचा. २०२३ मध्ये तो पस्तीस वर्षांचा असताना क्लब आणि त्याची वाट वेगळी झाली. चाहते हळहळले. पुढच्याच मोसमात, ४ मे २०२४ ला, मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून करंडक जिंकला. म्हणजे क्लबचं बरोबर होतं? थांबा. फॉल ओडिशाकडे गेला आणि त्याच मोसमात ओडिशा उपांत्य फेरीपर्यंत पोचली. म्हणजे त्याचंही संपलेलं नव्हतं. सोडणारा बरोबर आणि सोडलेलाही बरोबर, असंही होऊ शकतं.

मुंबईचं का जमलं, तर फॉलच्या शेजारी मेहताब सिंग हा तरुण बचावपटू २०२० पासून तयार होत होता. जुना असताना नवा त्याच्या खांद्याला खांदा लावून खेळला. शिवाय तिरी हा अनुभवी स्पॅनिश खेळाडू आणला गेला. खिंडार पडल्यावर विटा शोधायला कोणी धावलं नाही.

त्या २०२४ च्या संघाचा कर्णधार आपला मराठी माणूस होता, मुंबईचा राहुल भेके. तोही बचावपटूच. २०१९ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत गोल करून त्याने बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिलं होतं. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने पहिल्यांदाच सामना जिंकला, त्यातला विजयी गोलही त्याचाच. करंडक उचलला आणि त्याच वर्षी, तेहतिसाव्या वर्षी, तो मुंबई सोडून पुन्हा बंगळुरूला गेला. पुढच्या मोसमात बंगळुरू अंतिम सामन्यापर्यंत पोचलं. एका घरी पान उलटलं, दुसऱ्या घरी नवी वही उघडली.

बाहेरच्या जगातही हेच. सर्जिओ रामोस सोळा वर्षं रेआल माद्रिदकडून खेळला. २०२१ मध्ये पस्तिसाव्या वर्षी कराराच्या मुदतीवरून घासाघीस झाली. क्लब एक वर्ष देत होता, त्याला दोन हवी होती. शेवटी तो रडत निरोप घेऊन गेला. पुढच्याच वर्षी माद्रिदने स्पेनची लीग आणि युरोपचा चषक दोन्ही जिंकले. उलट मिलानचा पावलो माल्दिनी, जो आपल्यापेक्षा एखाद्या वर्षाने मोठा. त्याला क्लबने चाळिशीपर्यंत ठेवलं आणि २००७ मध्ये अडतिसाव्या वर्षी त्याने कर्णधार म्हणून युरोपचा चषक उचलला. तरी २००९ मध्ये घरच्या मैदानावरच्या त्याच्या शेवटच्या सामन्यात स्वतःच्याच काही प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून त्याची हुर्यो उडवली. ठेवलं म्हणजे मान राहिलाच, असं नाही.

मित्रांनो, इतकी मोठी नावं घेतली, कारण आता जे सांगायचं आहे ते लहान आहे आणि जड जातंय.

२००४ ची गोष्ट. आपली गावातली टीम होती. जर्सी वर्गणीतून, चेंडू उसनवारीचा. मी तेव्हा कर्णधार, निवडही मीच करायचो. आपल्या वर्गातलाच एक मित्र स्टॉपर होता. नाव घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि आत्ता माझ्याकडे बघत नाहीये. शाळेपासून तो मागे आणि मी त्याच्या डाव्या हाताला. मी पुढे गेलो की माझी जागा तो झाकायचा. माझ्या किती चुका त्याने पोटात घातल्या, ते मलाच माहीत. पस्तीस वर्षांचा झाला होता. गुडघा सुजायचा, तो पट्टी बांधून यायचा. धुळ्याला एका स्पर्धेत दोन सामने हरलो. दोन्ही वेळा चेंडू त्याच्या पाठीमागे पडला आणि समोरचा पोरगा पळून गेला.

पुढच्या स्पर्धेला मी त्याचं नाव काढलं. तो निर्णय चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. पण मी त्याला सांगितलं नाही. यादी चहाच्या टपरीवर चिकटवली आणि त्या दिवशी मुद्दाम नंदुरबारला निघून गेलो. रात्री त्याचा फोन आला, “भो, माझं नाव लिहायचं राहिलं का?” मी म्हणालो, “अरे, जागा कमी होत्या, पुढच्या वेळी बघू.” तो म्हणाला, “बरं.” बस, इतकंच.

त्याच्या जागी मी जो पोरगा घेतला, त्याला कधी उभं राहायचं आणि कधी सरकायचं हे शिकवायला कोणी नव्हतं. ज्याने शिकवलं असतं, त्याला मी टपरीवरच्या कागदाने घरी पाठवलं होतं. दोन वर्षांत टीम मोडली. एकवीस वर्षं झाली, आम्ही लग्नाकार्यात भेटतो, ‘कसं काय, बरं आहे’ म्हणतो. फुटबॉलचा विषय दोघंही काढत नाही.

म्हणून आज माझं उत्तर असं आहे. वय झालेल्या बचावपटूला टीमने सोडावं, पण तीन गोष्टी करून. पहिली, तो आज काय करू शकतो ते बघून ठरवावं. त्याचं जुनं नाव बघून ठेवू नये आणि नुसता जन्मदाखला बघून काढू नये. दुसरी, तो खेळत असतानाच त्याच्या शेजारी नवा उभा करावा, म्हणजे जाताना त्याची विद्या टीममध्ये राहते. तिसरी, त्याला समोर बसवून, स्वतःच्या तोंडाने सांगावं. पहिल्या दोन गोष्टींना अक्कल लागते. तिसरीला छाती लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती.

आपल्यातले सरकारी नोकरीवाले दोन वर्षांत अठ्ठावन्नला निवृत्त होतील. काहींची दुकानं मुलांनी हातात घेतली आहेत, काहींच्या शेतात आता सून हिशेब बघते. कोणी ना कोणी आपल्याला यादीतून काढणारच आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण आज ज्यांच्या हातात यादी आहे, मुख्याध्यापक असाल, संस्थेत असाल, घरात मोठे असाल, त्यांनी ती टपरीवर चिकटवू नका.

आणि तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, जागा कमी नव्हत्या. मी खोटं बोललो होतो. माझं चुकलं. हे मी तुझ्या घरी येऊन आधीच सांगायला हवं होतं, तेही राहिलं.

पुढच्या वर्षीच्या सामन्याची यादी पुन्हा माझ्याकडेच आली आहे. डाव्या बॅकला मी नाही, हे मी स्वतःला समोर बसवून सांगितलं आहे. स्टॉपरच्या जागेबद्दल मात्र कागद लावण्याआधी मी एका घरी चहाला जाणार आहे. नाही म्हणाला तरी चालेल. चहा तर देशील?