अहवालात न आलेलं पन्हं

सलाम.

मुद्दाम म्हणालो. काल संयोजकांपैकी एका तरुण मित्राने मला बाजूला घेऊन सुचवलं, "सर, सुरुवात 'सलाम'ने नको. व्हिडिओ बाहेर जातात, लोक भलता अर्थ काढतात." माझी आजी उपासना सुटल्यावर देवळाच्या पायरीवर पाळकसाहेबांना सलाम करायची, तिला कुणी अर्थ विचारला नाही. पण ज्यांना हा शब्द आता टोचू लागला आहे त्यांनी घरी गेल्यावर 'नवा करार' या नावातला 'करार'ही खोडावा, तो अरबीतून आलाय. पाप 'कबूल' करणं सोडावं. स्वर्गाचे 'वारस' म्हणवून घेऊ नये. आणि खोडायला कागद आणि शाई घेऊ नये, कारण तेही शब्द त्याच वाटेने आपल्याकडे आले आहेत.

मला दिलेला विषय 'ख्रिस्ती साहित्यापुढील आव्हाने' असा होता. तो मी परत केला. या विषयावर गेल्या वीस वर्षांत मीच चार भाषणं ठोकली आहेत, आणि आव्हानं होती तिथेच आहेत. आज मी आपण आणि आपले मुसलमान शेजारी याबद्दल बोलणार आहे. त्यांच्यात जाऊन आपण आपल्या श्रद्धेची साक्ष कशी देतो आणि मैत्री कशी करतो, म्हणजे बहुतेक वेळा कशी करत नाही, त्याबद्दल.

मे १९८४. आमच्या मंडळीतली आम्ही बारा पोरं सुवार्ता दौऱ्यावर दहा दिवसांसाठी मालेगावला गेलो. दौरा आखणाऱ्या संस्थेचं नाव घेत नाही, भांडण नावाशी नाहीच. आमच्या पिशव्यांत प्रत्येकी पाचशे पत्रकं होती, उर्दूत छापलेली. आणि आमच्या बारा जणांत उर्दू वाचता येणारा एकही नव्हता! आपण काय वाटतोय हे वाटणाऱ्याला ठाऊक नाही, असा हा धर्मप्रसार. औषधाची चिठ्ठी वाचता न येणाऱ्या कंपाउंडरला आपण दुकानात उभं करत नाही.

मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट इतका, की पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलत होतो. तिसऱ्या दिवशी एका बुजुर्ग विणकराने आम्हा दोघांना आत बोलावलं, चहा दिला, पत्रक हातात घेतलं आणि म्हणाले, "बेटा, जरा पढके सुनाओ." आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी चष्मा चढवला, स्वतःच वाचायला घेतलं, आणि दुसऱ्या ओळीवर थांबून हसू लागले. उर्दूत 'खुदा' लिहिताना पहिल्या अक्षराच्या वर एक टिंब, नुक्ता, असतं. छापताना ते खाली घसरलं होतं, आणि 'खुदा'चं झालं होतं 'जुदा'. देवाकडे या असं सांगणारं आमचं पत्रक वेगळे व्हा असं सांगत मालेगावभर फिरत होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आमच्या पिशवीतल्या पत्रकांवर एकेक करून ते टिंब दुरुस्त करू लागले. आमच्या देवाचं नाव! वीस-पंचवीस झाल्यावर म्हणाले, "बाकी तुम करो."

चौथ्या दिवशी मला ऊन लागलं. चांगलंच लागलं, उलट्या, ताप, डोळ्यांपुढे अंधारी. आमचा मुक्काम गावाबाहेर होता, म्हणून त्यांनी मला आपल्याच घरी पंख्याखाली झोपवलं. दोन दिवस त्यांच्या बायकोने मला कैरीचं पन्हं पाजलं. गूळ कमी, मीठ जास्त, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. रात्री माग बंद झाला की ते खाटेशेजारी बसायचे. त्यांनी मला मरियमेची गोष्ट सांगितली, कुराणातली. खजुराच्या झाडाखाली प्रसूतिवेदनांनी तळमळणारी एकटी बाई. माझ्या बावीस वर्षांच्या ख्रिस्ती आयुष्यात मी ती पहिल्यांदा ऐकत होतो. मग त्यांनी विचारलं, "अब तुम बताओ, ईसा तुम्हारे लिए कौन हैं? पर्चेवाला मत बताना."

मला उत्तर देता आलं नाही. पत्रकातलं सोडून माझ्याकडे काही नव्हतं.

दौऱ्याचा अहवाल छापून आला तो मी जपून ठेवलाय. संपर्क साधलेली घरं इतकी, वाटलेली पत्रकं इतकी, आणि खाली एक ओळ: एक बंधू गंभीर आजारातून प्रार्थनेने बरा झाला. तो बंधू मी. प्रार्थना झाली होती, तिला मी नाकारत नाही. पण पन्हं कुठे गेलं? देव त्या बाईच्या हातून आला असेल हे लिहायला आमच्या अहवालात रकाना नव्हता.

आता आपल्या इतिहासाकडे वळतो, कारण तिथेही हेच रकाने आहेत. २८ फेब्रुवारी १५८० रोजी गोव्याहून निघालेले जेझुइट अकबराच्या फत्तेपूर सिक्रीत पोचले. पुढारी रोदोल्फो आक्वाव्हिव्हा, वय तिशीच्या आतलं. अँटवर्पला छापलेलं अनेकभाषी पवित्र शास्त्र त्यांनी बादशहाला दिलं, त्याने ते डोक्याला लावलं. मग इबादतखान्यात वाद सुरू झाले, आणि एका रात्री गोष्ट आगीवर आली: एकाने कुराण, दुसऱ्याने शुभवर्तमान घेऊन आगीत शिरायचं, जो वाचेल त्याचा धर्म खरा. ही कल्पना कुणाची? दरबारी इतिहासकार अबुल फझल म्हणतो पाद्र्याची, मौलवीच मागे हटले. जेझुइटांची पत्रं म्हणतात समोरच्यांची, आम्ही म्हणालो देवाची परीक्षा पाहायची नसते. त्याच दरबारातल्या बदायुनीचं तिसरंच, एक फकीर तयार झाला आणि पाद्री कचरले. तिघे लिहिणारे, तिघांचे तीन अहवाल. आगीत मात्र कुणी गेलं नाही, हे बरं झालं.

तीन वर्षं रोदोल्फो तिथे राहिला, फारसी शिकला, उपाशी राहून प्रार्थना करत राहिला. बादशहा ख्रिस्ती झाला नाही. १५८३मध्ये रोदोल्फो गोव्याला परतला आणि जुलैत साष्टीतल्या कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी त्याला चार सोबत्यांसह मारलं. गावकरी चिडले होते कारण त्यांची देवळं पाडली गेली होती. मुसलमानाच्या दरबारात, जिथे त्याच्या हाती शब्दांखेरीज काही नव्हतं, तिथून तो सुखरूप आला. जिथे त्याच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती तिथे मेला. आपण त्याच्या हौतात्म्याची प्रवचनं ऐकतो, त्यातली देवळांची ओळ किती पाळक वाचतात?

आणि १५७९च्या शरदात, रोदोल्फो अकबराकडे निघायच्या तीन-चार आठवडे आधी, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरला. तो कुठल्या दरबारात गेला नाही. साष्टीत राहून लोकांची भाषा शिकला, आणि १६१६ला राचोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. त्याच शतकात इथून हाकेच्या अंतरावर, श्रीगोंद्याला, शेख महंमद नावाचा एक मुसलमान 'योगसंग्राम' लिहीत होता. तोही मराठीत आणि तोही ओवीत. एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान, दोघांनी ज्ञानोबांचा छंद उचलला. आता हात वर करा: स्टीफन्सचा अभिमान इथे सगळ्यांना आहे, त्यातल्या किती जणांनी शेख महंमदाचं एक पान वाचलंय? मोजायला एक हात पुरेल. आमच्या साहित्य संमेलनांना, क्षमा करा, आमच्याच साहित्याचं कौतुक ऐकायची सवय लागली आहे.

वादविवादाची आवड असणाऱ्यांनी आग्र्याची आठवण ठेवावी. एप्रिल १८५४, मिशनरी फंडर विरुद्ध मौलाना रहमतुल्ला कैरानवी. फंडरला वाटलं होतं, मौलाना जुन्याच मुद्द्यांवर बोलतील. पण मौलानांच्या जोडीला डॉ. वझीर खान होते, आणि त्यांनी युरोपातल्या ख्रिस्ती पंडितांचीच पुस्तकं वाचली होती. बायबलच्या पाठभेदांवरून त्यांनी फंडरला कोंडीत पकडलं आणि काही ठिकाणी पाठ बदलले आहेत हे त्याला मान्य करावं लागलं. दोन दिवसांत सभा आटोपली, दोन्ही बाजूंनी आपापला विजय छापला. तीन वर्षांनी सत्तावन्न झालं. रहमतुल्ला मक्केला निघून गेले. त्याच उलथापालथीत उत्तरेतले विणकर माग मोडून दक्षिणेकडे चालत निघाले आणि त्यातले कित्येक मालेगावात येऊन बसले. माझ्या पत्रकावर टिंब देणाऱ्या हाताचे आजे-पणजे त्यांतलेच.

याउलट कानपूर. १८०९-१०मध्ये हेन्री मार्टिन हा कंपनीचा फौजी पाद्री आपल्या बागेत रविवारी भिकाऱ्यांना जमवून बोलायचा. भिंतीपलीकडच्या बंगलीत हुक्का ओढत टवाळी करणाऱ्यांत शेख सालेह नावाचा एक माणूस होता. त्याने ऐकलं, मग मार्टिनच्या माणसांत काम धरलं. हिंदुस्तानी नव्या कराराचं हस्तलिखित बांधणीसाठी त्याच्या हाती आलं, आणि बांधता बांधता त्याने ते वाचून काढलं. १८११ला कलकत्त्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, नाव अब्दुल मसीह. मार्टिन तोवर हिंदुस्थान सोडून गेला होता. १८१२ला तुर्कस्तानात तोकात इथे एकतिसाव्या वर्षी तो वारला. बुकबाइंडरने पुस्तक वाचलं, एवढीच ती गोष्ट. यात कुणी कुणाला गळ टाकला नव्हता.

'गळ' हा शब्द जपून वापरतोय, कारण इथे काही जण 'मैत्रीद्वारे सुवार्ता' शिकवणारी शिबिरं घेतात. मीही एका शिबिराला बसलो. पहिल्या महिन्यात कौटुंबिक चौकशी, दुसऱ्यात जेवणाचं आमंत्रण, तिसऱ्यात विषय काढा, चौथ्यात प्रतिसाद नसेल तर पुढच्या घरी जा. विम्याचा एजंटही याहून प्रामाणिक असतो, तो निदान पहिल्याच दिवशी हप्ता सांगतो.

लगेच टाळ्या नकोत. कारण दुसऱ्या बाजूचे आमचे विद्वान, संवाद-परिषदांचे, शाल-श्रीफळवाले, त्यांच्याशीही माझं तेवढंच भांडण आहे. ते मुसलमान मित्राजवळ ख्रिस्ताचं नावच काढत नाहीत, काढलं तर मैत्री तुटेल म्हणतात. माझ्या म्हाताऱ्या यजमानांनी मला ईदच्या शुभेच्छा मागितल्या नव्हत्या, ईसा कोण ते विचारलं होतं. ज्याच्याजवळ आपण सगळं बोलतो पण आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट लपवतो, त्याला मित्र कशाला म्हणायचं? घटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचा प्रचार करायचा हक्क दिलाय. १९७७ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. त्या निकालावर आपले लोक रडतात, मी रडत नाही. माणसाला वळवणं हे माझं काम आहे असं माझ्या प्रभूनेही मला कधी सांगितलं नाही. सांगणं माझं, ऐकायचं की नाही ते त्याचं.

आणि तिसरा गट, जो आज सर्वांत मोठा आहे आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत बसलाय. सकाळी प्रार्थनेचं वचन आणि दुपारी मुसलमानांची नालस्ती, दोन्ही एकाच बोटाने पुढे ढकलणारा. आपण त्यांच्यावर दगड मारले की आपल्यावर येणार नाहीत असा याचा हिशेब आहे. मी फक्त विचारतो: नाताळात गाण्याच्या मंडळाला अडवणारे लोक तुमच्या मोबाइलमधले ते संदेश तपासून मग अडवतात का?

शार्ल द फूकोचं नाव तुम्ही ऐकलं असेल, २०२२ला त्याला संत घोषित केलं. सहाराच्या तामनरासेतमध्ये तुआरेग मुसलमानांत तो राहिला. फ्रेंच फौजेतला माजी अधिकारी, शेवटपर्यंत फौजेशी संबंध राखलेला, १९१६ला मारला गेला तेव्हा त्याच्या गढीत बंदुका होत्या. हेही सांगायलाच हवं. पण १९०८च्या जानेवारीत तो मरायला टेकला होता. दुष्काळ होता. स्वतः उपाशी असलेल्या तुआरेगांनी आसपासच्या शेळ्यांचं थोडं थोडं दूध गोळा करून त्याला जगवलं. द्यायला आलेला माणूस तिथे घेणारा झाला. त्याने त्यांच्या भाषेचा चार खंडांचा कोश केला, धर्मांतरांचा आकडा त्याच्याजवळ नव्हता.

मी त्या विणकरांना उत्तर दिलं, पण अकरा वर्षांनी. १९९५ला माझे वडील गेले, तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं. ईसा माझ्यासाठी कोण, हे वडिलांच्या मातीच्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं. उर्दूत लिहिलं, तोवर शिकलो होतो. उत्तर त्यांच्या मुलाकडून आलं. अब्बा दोन वर्षांपूर्वी गेले, पण पत्र अम्मीला वाचून दाखवलं, ती विचारते आहे, तब्येत कशी आहे, उन्हात फिरतोस का अजून. आणि खाली: तिसऱ्या ओळीत एक नुक्ता चुकलाय.

आता शेवटचं. हा माइक ज्यांनी लावला ते काका तिथे अँप्लिफायरजवळ बसलेत. तीन दिवस आपले सगळे परिसंवाद त्यांनी ऐकले. काल रात्री वायरी गुंडाळताना त्यांनी मला विचारलं, "सर, उद्या कशावर बोलणार?" मी म्हणालो, "तुमच्यावर." ते म्हणाले, "मग मला विचारायचं होतं की आधी." म्हणून आम्ही रात्री साडेबारापर्यंत बसलो. मालेगावचं सगळं ठेवा म्हणाले. दोन पानं मात्र त्यांनी काढायला लावली, ती माझ्या पिशवीत आहेत, मागायची असतील तर त्यांच्याकडे मागा.

जेवणाची घंटा झाली आहे. काका, आवाज बंद करा आणि चला, पंगतीला माझ्या शेजारी जागा ठेवली आहे.