मातीच्या शिपायांची हातघाई

यंदाच्या दिवाळींत हिंगण्यास माझ्या भाच्यांनीं पडवींतल्या मेजावर मातीची सीताबर्डी उभारली : दोन टेकड्या, मध्यें खिंड, भोंवतीं बाजारांतले मातीचे शिपाई. तोफांचा हिशेब चटकन जमला. घोटाळा झाला तो शिपाई शिपायास भिडल्यावर. एच. जी. वेल्सच्या १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकांतला नियम सुटसुटीत आहे. हातघाईंत साधारणतः एकास एक पडावा. परंतु बर्डीवर तो लंगडा ठरतो. २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं अप्पासाहेब भोंसल्यांच्या अरबांनीं लहान टेकडी हिसकावून घेतली. पुढें तेथें दारूचा स्फोट झाला, अरब गोंधळले, आणि कंपनीचे शिपाई (तेही बहुतेक आपल्याच देशाचे!) संगिनी रोखून वर चढले. भोंसल्यांची फौज अनेकपट असून टेकडी गेली.

म्हणून मीं सुचविलें कीं, भिडण्यापूर्वीं तुकडीसाठीं फांसा टाकावा. जवळ स्फोट झाल्यास दानांतून दोन वजा करावे. तीनाहून कमी उरल्यास तुकडीनें न लढतां मागें हटावें. धाकट्यास हें मुळींच रुचलें नाहीं. त्याचे अरब तीनदां पळाले. चौथ्या खेपेस सहाचें दान पडलें आणि ते टिकले. प्रत्यक्षांत तसें घडलें नव्हतें, हें त्यास त्या रात्रीं मीं सांगितलें नाहीं.